स्पेनची स्पॅनिश 'मूळ' आणि लॅटिन अमेरिकेची 'बिघडलेली', हे खरं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकचे एक विद्यार्थी स्पॅनिशची बी-1 (मध्यम) पातळी संपवत आलेत. वर्गातलं पुस्तक स्पेनमध्ये छापलेलं आहे, पण नोकरीत ज्या टीमबरोबर काम करायचं आहे ती ब्वेनोस आयरेसची. शिक्षक सांगतात की स्पेनची भाषा मूळ आणि शुद्ध, तिकडची बिघडलेली, तिच्या नादी लागू नका. मग 'झेड'चा उच्चार 'थ' करायचा की 'स'? 'बोसोत्रोस' ('तुम्ही सगळे') ची रूपं पाठ करायची की सोडून द्यायची? आणि एकाच देशातून गेलेली भाषा इतकी वेगळी झालीच कशी?

यातला खरा प्रश्न शेवटचा आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की बाकीचे दोन आपोआप सोपे होतात. 'मूळ' आणि 'बिघडलेली' म्हणताना आपण गृहीत धरतो की आजच्या माद्रिदमध्ये बोलतात तीच भाषा पाचशे वर्षांपूर्वी जहाजात बसून गेली आणि तिकडच्या हवापाण्यात बदलली. तसं झालेलं नाही. आजची माद्रिदची आणि आजची ब्वेनोस आयरेसची स्पॅनिश या दोघी बहिणी आहेत. त्यांची आई म्हणजे साधारण 1500 सालची स्पॅनिश, आणि ती आता कुठेच बोलली जात नाही. कोणती शिकायची हे मात्र तुमच्या कामावर, परीक्षेवर आणि हाताशी असलेल्या वेळेवर ठरेल. त्याकडे नंतर येते.

सुरुवातीचा भाग भराभर सांगते. रोमन सैन्य इबेरियात उतरलं इ.स.पू. 218 मध्ये, कार्थेजशी चाललेल्या युद्धाच्या निमित्ताने. पूर्ण द्वीपकल्प ताब्यात यायला इ.स.पू. 19 उजाडलं. सैनिक, व्यापारी आणि वसाहतवाले जी बोलीतली लॅटिन बोलत होते ती हळूहळू स्थानिक भाषांच्या जागी बसली. टिकली ती एक बास्क. 711 साली उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सैन्य आलं आणि काही वर्षांतच बहुतेक द्वीपकल्प त्यांच्या सत्तेखाली गेलं. उत्तरेच्या डोंगराळ पट्ट्यात छोटी ख्रिस्ती राज्यं उरली आणि प्रत्येकाची लॅटिन आपापल्या वाटेने बदलत गेली: गालिथियात एक, लेओनमध्ये दुसरी, आरागोनात तिसरी, कातालुन्यात चौथी. बुर्गोसच्या उत्तरेकडच्या एका आडबाजूच्या, गढ्यांनी भरलेल्या सीमाभागात आणखी एक बोली होती. तो भाग म्हणजे कास्तिया, आणि 'कास्तेयानो' ही तिथली बोली.

ला रिओखातल्या सान मिय्यान दे ला कोगोया या मठातल्या टिपांना पुष्कळदा 'स्पॅनिशचा जन्मदाखला' म्हणतात. एका लॅटिन हस्तलिखितात अवघड शब्दांच्या बाजूला कुणीतरी बोलीत अर्थ लिहून ठेवले आहेत. काळ साधारण दहाव्या-अकराव्या शतकाचा. टिपा अमूल्य आहेत, पण त्यांतली भाषा कास्तियापेक्षा शेजारच्या नाव्हारा-आरागोनच्या बोलीला जवळची आहे, आणि दोन टिपा तर चक्क बास्कमध्ये आहेत. दाखला आहे, पण नाव शेजाऱ्याचं!

कास्तियाची बोली तेव्हाच वेगळी उठून दिसत होती. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' तिथे आधी 'ह' झाला आणि पुढे उच्चारातून गेला. 'फारिना' (पीठ) ची 'आरीना' झाली, 'फिलिउस' (मुलगा) चा 'इखो'. लिहिताना तो 'एच' अजून जागेवर आहे, म्हणून विद्यार्थ्यांना तो उगाचचा वाटतो. तो उगाचचा नाही, ती जुन्या 'ह'ची खूण आहे. व्याकरणकार नेब्रिखाच्या काळात, म्हणजे 1492 च्या आसपास, असे 'ह' उच्चारले जात होते. आंदालुसियाच्या (स्पेनचा दक्षिणेकडचा प्रांत, सेव्हिया शहर त्यातच) ग्रामीण बोलीत ते नंतरही टिकले. फ्लामेंको या तिथल्या गाण्या-नाचातल्या 'कान्ते खोन्दो'मधला 'खोन्दो' म्हणजे 'ओन्दो' (खोल) हाच शब्द, फक्त जुना 'ह' शाबूत असलेला. हा बदल सगळीकडे झाला नाही: 'फुएगो' (आग), 'फुएन्ते' (झरा), 'फ्रीओ' (थंड) यांत 'फ' राहिला. शेजारच्या बास्कमध्ये मुळात 'फ' नव्हता, त्याचा हा परिणाम असावा असं एक मत आहे. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. गोव्यात ज्यांच्या घरात पोर्तुगीज आहे त्यांना दोन भाषांतला फरक लगेच दिसतो: पोर्तुगीजने 'फारीन्या' आणि 'फिल्यु' जपले, आणि लॅटिनमधल्या 'क्त'चं 'इत' केलं (दूध म्हणजे 'लैत'). कास्तियाने त्याच 'क्त'चा 'च' केला: 'लेचे' दूध, 'नोचे' रात्र, 'ओचो' आठ.

ही आडबाजूची बोली पुढे गेली ती तिची सत्ता दक्षिणेकडे सरकत गेली म्हणून. 1085 मध्ये तोलेदो, 1236 मध्ये कोर्दोबा, 1248 मध्ये सेव्हिया (आपण इंग्रजीवरून सेव्हिल म्हणतो). नव्या मुलखात उत्तरेतून माणसं वसवली गेली, त्यांच्या बोली एकमेकींत मिसळल्या. आल्फोन्सो दहावा (राज्यकाळ 1252 ते 1284) याने कायदे, इतिहास आणि खगोलशास्त्राचे ग्रंथ लॅटिनऐवजी कास्तेयानोत लिहवून घेतले. अरबीतून भाषांतर करणाऱ्यांत ज्यू विद्वान मोठ्या संख्येने होते. दरबाराची, कायद्याची आणि शास्त्राची भाषा झाल्यावर तिला लेखनाची घडी बसली. अरबीतून आलेलं पुष्कळ काही तिच्यात मुरलेलं होतंच: 'आसूकार' साखर, 'आसेइते' तेल, 'आल्मोआदा' उशी, 'आल्काल्दे' महापौर. 'पर्यंत' या अर्थाचं 'आस्ता' हे शब्दयोगी अव्ययसुद्धा अरबीच.

आता तुमच्या 'थ' आणि 'स'कडे. इथे जरा थांबते, कारण मराठी माणसाला हा भाग हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपा जातो.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये या गटातले सहा वेगळे आवाज होते. 'ब्रासो' (हाताचा दंड) हा शब्द तेव्हा खाली शेपटी काढलेल्या 'सी'ने लिहीत, आणि त्याचा उच्चार आपल्या 'चाक', 'चूल' यांतल्या 'च'सारखा होता. 'चार'मधल्या 'च'सारखा नव्हे. 'देसीर' (सांगणे) तेव्हा 'झेड'ने लिहीत, आणि तो आवाज आपल्या 'जर', 'जाळं' यांतल्या 'ज'चा. हे दोन झाले. तिसरा आपला 'स'. चौथा त्याच 'स'चा घोष (म्हणजे गळ्यात कंप होऊन निघणारा) जोडीदार, इंग्रजी 'झू'मधल्यासारखा. पाचवा 'श', जो 'एक्स'ने लिहीत. सहावा त्या 'श'चा घोष जोडीदार, इंग्रजी 'मेझर'च्या मधल्या आवाजासारखा, आणि तो 'जे'ने किंवा 'जी'ने लिहीत.

पंधराव्या ते सतराव्या शतकात ही सगळी घडी विस्कटली. 'चाक'चा 'च' आणि 'जर'चा 'ज' यांच्या सुरुवातीची अडवणूक गेली आणि ते दोन्ही दाताजवळचे 'स'सारखे घर्षक (हवा घासत बाहेर येणारे आवाज) झाले. घोष आणि अघोष हा भेदही मिटला. सहाचे तीन उरले: दाताजवळचा 'स', जिभेचं टोक थोडं मागे लावून होणारा 'स', आणि 'श'. हे तिन्ही एकमेकांच्या इतके जवळ होते की ऐकताना गोंधळ व्हायचा. या गोंधळातून उत्तर आणि दक्षिण वेगवेगळ्या वाटांनी सुटले. उत्तरेत आवाज एकमेकांपासून लांब सरकले: पहिला पुढे, दातांच्या मध्ये गेला आणि 'थ'सारखा झाला. 'श' पार मागे घशाकडे गेला आणि 'ख'सारखा झाला. मधला होता तिथेच राहिला, म्हणून माद्रिदचा माणूस 'सी' (हो) म्हणतो ते आपल्या कानाला किंचित 'शी'सारखं लागतं. सेव्हियात दोन 'स' एकमेकांत मिसळून एकच झाला, आणि 'श' मागे जाऊन मवाळ 'ह'सारखा झाला.

याचे पुरावे अजून ऐकू येतात. 'दोन कीखोते'चा पहिला भाग 1605 मध्ये आला तेव्हा नावात 'एक्स' होता, आणि फ्रेंचांनी ते 'किशोत', इटालियनांनी 'किशोत्ते' असं 'श'सकट उचललं. 'एक्स'च्या जागी 'जे' हा बदल माद्रिदच्या भाषा-अकादमीने 1815 मध्ये पक्का केला. मेक्सिकोने जुना 'एक्स' सोडला नाही, म्हणून लिहिताना 'एक्स' आणि बोलताना 'मेखिको'. 1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू इस्तंबूल, सलोनिका, इझमीरला गेले. त्यांची स्पॅनिश या उलथापालथीच्या बाहेर राहिली आणि तिच्यात 'तो म्हणाला' हे आजही 'दिशो' आहे, 'दिखो' नाही.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. 'थ' हा उच्चार उत्तरेत स्थिरावला सतराव्या शतकात. अमेरिकेकडे माणसं जायला लागली 1490 च्या दशकात. म्हणजे जहाजावर 'थ' नव्हताच, तो तिकडे 'हरवण्या'चा प्रश्नच येत नाही. तुमच्या शिक्षकांना शुद्ध वाटणारा 'थ' हा दोघींपैकी स्पेनमधल्या बहिणीने नंतर केलेला बदल आहे. कुणी तुम्हाला बोबड्या राजाची गोष्ट सांगेल, की राजा बोबडं बोलायचा आणि दरबाऱ्यांनी त्याची नक्कल केली. ती सोडून द्या. बोबडेपणा असता तर सगळेच 'स' बदलले असते. प्रत्यक्षात माद्रिदमध्ये 'कासा' (घर) मध्ये साफ 'स' आहे आणि 'काथा' (शिकार) मध्ये 'थ'.

जहाजावर सेव्हियाचीच भाषा का चढली? 1503 मध्ये अमेरिकेच्या व्यापाराचं आणि प्रवासाचं नियंत्रण करणारी कचेरी, 'कासा दे कोन्त्रातासियोन', सेव्हियात उघडली आणि 1717 पर्यंत तिथेच होती, मग कादिसला गेली. परवाना तिथे, गलबतं तिथली, खलाशी बहुतांशी त्याच किनाऱ्यावरचे. उत्तरेतला माणूससुद्धा जहाज मिळेपर्यंत तिथे मुक्काम करून असायचा. मग कानारी बेटांवर थांबा, आणि पुढे महासागर. पीटर बॉइड-बोमन या संशोधकाने स्थलांतरितांच्या मूळ गावांच्या नोंदी तपासल्या. 1493 ते 1519 या पहिल्या टप्प्यात सुमारे 40 टक्के लोक आंदालुसियाचे निघाले, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण त्याहून बरंच जास्त. मुलं कुणाची बोली उचलतात हे लक्षात घेतलं तर या दुसऱ्या आकड्याचं वजन कळतं. शिवाय निरनिराळ्या बोलींची माणसं एकत्र राहिली की अनेकदा सोपा पर्याय जिंकतो. दोन 'स' वेगळे ठेवणाऱ्याला एक करणं सहज जमतं, उलटं फार जड जातं.

मग सगळी लॅटिन अमेरिका एकसारखी का नाही? एक पटणारं स्पष्टीकरण बंदरं आणि राजधान्या यांचं आहे. हवाना, व्हेराक्रूस, कार्ताखेना इथे आंदालुसियाचे खलाशी येत-जात राहिले, म्हणून तिथे अक्षराच्या शेवटचा 'स' 'ह' होतो: 'लोस आमीगोस' ऐवजी 'लोह आमीगोह'. मेक्सिको सिटी आणि बोगोता उंचावर, आतल्या भागात. तिथे दरबारी अधिकारी, विद्यापीठं आणि उत्तरेतली माणसं जास्त. तिथला 'स' अजून खणखणीत आहे. नवशिक्याला मेक्सिको किंवा बोगोताचं लवकर कळतं आणि क्युबाचं कळत नाही, त्याचं कारण हेच.

'बोस'चीही गोष्ट याच अंगाने जाते. (लिहिताना 'व्ही', उच्चारात 'ब'. स्पॅनिशमध्ये या दोन अक्षरांचा आवाज एकच.) सोळाव्या शतकात 'बोस' हे मुळातलं आदरार्थी सर्वनाम वापरून वापरून स्वस्त झालं, आणि खऱ्या आदरासाठी 'व्हुएस्त्रा मेर्सेद' (आपली कृपा) आलं. त्याचंच झिजून 'उस्तेद' झालं. स्पेनमध्ये मग 'बोस' मागे पडलं आणि जवळिकीसाठी 'तू' राहिलं. होय, स्पॅनिशमध्येही ते 'तू'च आहे. लिमा आणि मेक्सिको सिटी या व्हाइसरॉयच्या राजधान्या, त्यांनी दरबाराची ही फॅशन उचलली. ब्वेनोस आयरेस तेव्हा कोपऱ्यातलं गाव होतं, ते व्हाइसरॉयचं ठाणं झालं थेट 1776 मध्ये. तिथे आणि मध्य अमेरिकेत 'बोस' टिकून राहिलं. म्हणजे इथे अर्जेंटिनाने जुनं जपलं आणि स्पेन बदललं. 'तुम्ही सगळे' या अर्थाचं जवळिकीचं 'बोसोत्रोस' मात्र अमेरिकेत सुटलं आणि सगळ्यांसाठी 'उस्तेदेस' आलं. हेही निव्वळ अमेरिकन नाही: कानारी बेटांत आणि पश्चिम आंदालुसियात असंच बोलतात.

आतापर्यंत एवढं झालं: आई एक, मुली दोन, आणि दोघींनीही काही जपलं, काही बदललं. पण भाषा 'पसरली' कशी हे अजून राहिलं, आणि तिथे मोठा गैरसमज आहे. तीनशे वर्षांच्या स्पॅनिश राजवटीने सगळ्यांना स्पॅनिश बोलायला लावलं, असं मानलं जातं. नेब्रिखाने 1492 च्या ऑगस्टमध्ये सालामांकाला आपलं व्याकरण छापलं, प्रस्तावनेत राणी इसाबेलला लिहिलं की भाषा ही नेहमी साम्राज्याची सोबतीण राहिली आहे, आणि ते वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. प्रत्यक्ष व्यवहार वेगळा होता. धर्मप्रसारकांना लोकांच्या भाषेत शिकवणं सोयीचं वाटलं. फेलिपे दुसऱ्याने 1570 मध्ये नव्या स्पेनमधल्या (आजच्या मेक्सिकोतल्या) स्थानिकांसाठी नाउआत्ल ही अधिकृत भाषा ठरवली. लिमाच्या धर्मसभेने 1580 च्या दशकात केचुआ आणि आयमारामध्ये धर्मपाठ काढला. मिशनऱ्यांच्या हाताने या भाषा काही भागांत आधीपेक्षा जास्त पसरल्या. फक्त कास्तेयानोच चालेल, असा कार्लोस तिसऱ्याचा हुकूम आला 1770 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धांच्या जेमतेम चाळीस वर्षं आधी.

स्वातंत्र्याच्या वेळी मेक्सिकोत बहुसंख्य लोकांची मातृभाषा स्पॅनिश नव्हती. तिचा घरोघर प्रसार केला तो नव्या प्रजासत्ताकांनी: शाळा, सैन्यभरती, कचेरी, शहराकडे स्थलांतर. अर्जेंटिनाने 1884 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि इटलीहून आलेल्या लाखोंची मुलं स्पॅनिश बोलू लागली. चिलीत व्हेनेझुएलाचे आंद्रेस बेयो यांनी 1847 मध्ये खास अमेरिकनांच्या वापरासाठी व्याकरण लिहिलं. या प्रसाराची किंमत स्थानिक भाषांनी मोजली. अपवाद पराग्वे: तिथे ग्वारानी बहुसंख्यांच्या तोंडी राहिली आणि 1992 च्या घटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीचं स्थान दिलं. उलट उदाहरण फिलिपीन्सचं. 1565 ते 1898 राजवट असूनही तिथे स्पॅनिश सर्वसामान्यांची झाली नाही, कारण स्पेनहून जाणारी माणसं फारच थोडी आणि पाद्री स्थानिक भाषांतच काम करत. शाळांचं जाळं विणलं ते नंतर आलेल्या यूएसएच्या अमेरिकनांनी, इंग्रजीतून.

अधिकाराचा प्रश्न राहिला. माद्रिदची अकादमी 1713 ची, पण आता ती एकटी नियम ठरवत नाही. 1951 पासून स्पॅनिश भाषिक देशांच्या अकादम्यांचा संघ आहे, शब्दकोश आणि व्याकरण त्यांच्या नावाने निघतं. 'बोस'ची रूपं अकादमीच्या व्याकरणात आणि क्रियापदांच्या तक्त्यांत दिलेली असतात. 'थ'ऐवजी 'स' हा उच्चार पूर्णपणे प्रमाण आहे. जवळपास 50 कोटी मातृभाषकांपैकी स्पेनमधले एक दशांशाहून कमी.

आता तुमचं काय. 'डेले' ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची असेल तर कोणत्याही प्रमाण प्रकारात लिहिता-बोलता येतं, फक्त मिसळ नको. 'बोसोत्रोस'ने सुरुवात करून तिसऱ्या ओळीत 'उस्तेदेस' आलं की गुण जातात. ऐकण्याच्या भागात मात्र निरनिराळ्या देशांचे उच्चार येतात. म्हणून बोलायला एक, ऐकायला सगळ्या, असं ठेवा. 'बोसोत्रोस'ची रूपं ओळखण्यापुरती शिका, तोंडपाठ करायची गरज नाही. 'झेड'ला 'स' म्हणा. 'झ' मात्र म्हणू नका, आपल्याकडे ही चूक सर्रास होते आणि तो आवाज कुठल्याच देशात चालत नाही. 'स' धरला की शुद्धलेखनाचा त्रास वाढतो, कारण कानाने 'एस' की 'झेड' कळत नाही. 'कासार' (लग्न करणे) आणि 'कासार' (शिकार करणे) अशा जोड्यांची वेगळी यादी ठेवा.

ब्वेनोस आयरेससाठी 'बोस'ची रूपं 'तू'च्या रूपांपेक्षा सोपी आहेत. वर्तमानकाळात मूळ क्रियापदातला शेवटचा 'र' काढून 'स' लावा आणि आघात शेवटच्या स्वरावर द्या: 'आब्लार'चं 'आब्लास', 'तेनेर'चं 'तेनेस', 'बिबीर'चं 'बिबीस'. मधला स्वर बदलत नाही, म्हणून 'पुएदेस' नाही, 'पोदेस'. लक्षात ठेवायचा मुख्य अपवाद 'सोस' (तू आहेस). आज्ञार्थात नुसता 'र' काढा: 'बेनी' (ये), 'आब्ला' (बोल), आघात पुन्हा शेवटीच. 'जा'साठी 'आन्दा'. भूतकाळ आणि भविष्यकाळ 'तू'चेच. 'तुला'साठी 'ते' हेच रूप राहतं, पण 'तुझ्याबरोबर' म्हणजे 'कोन बोस'. दुहेरी 'एल' आणि 'वाय' तिथे 'श' होतात: 'शो' म्हणजे मी, 'काशे' म्हणजे रस्ता. ऐकताना हे माहीत हवं, बोलताना 'यो' म्हटलंत तरी कुणाचं अडत नाही. 'आज जेवलो'साठी पुस्तकातलं 'ए कोमीदो' न म्हणता 'कोमी' म्हणा. संगणक 'ओर्देनादोर' नाही, 'कोम्पुतादोरा'. बटाटा 'पाताता' नाही, 'पापा'. (आपला 'बटाटा' कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून स्पॅनिश आणि पोर्तुगीजमार्गे इथे आला.) आणि 'बस पकडतो' म्हणताना पुस्तकातलं 'कोखेर' हे क्रियापद अजिबात वापरू नका. स्पेनमध्ये ते निरुपद्रवी आहे, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत ती शिवी आहे. 'तोमार' म्हणा. पहिल्या मेलमध्ये 'उस्तेद' ठेवा. समोरून 'बोस' आलं की तुम्हीही बिनधास्त 'बोस'वर या, तिकडच्या ऑफिसांत ते पहिल्या उत्तरातच येतं.